रात्री किती माणसं असतात?

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘वृद्धाश्रम : सुरक्षा आणि दर्जा’ असं भारदस्त काहीतरी छापलंय. ते समितीनं छापलं, मी नाही. मी अकाउंट्सचा माणूस. या विषयातला माझा अधिकार एवढाच, की मी माझ्या वडिलांसाठी वृद्धाश्रम निवडला आणि चुकीचा निवडला.

हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्यात चुळबुळ होते. ‘मुलगा दुबईत आणि बाप आश्रमात’ हे टोमणे मीही ऐकलेत. पण आईवडिलांना इथे आणायचं म्हणजे दर वर्षी व्हिसाचं नूतनीकरण, त्या वयातला आरोग्यविमा आणि उन्हाळ्यात चार महिने घरात कोंडून बसणं. बाबा एकदा राहून गेले. म्हणाले, “इथं बोलायला कोण आहे? लिफ्ट?” आई गेल्यावर त्यांनीच आश्रमाचा विषय काढला.

पंधरा दिवसांच्या रजेत मी सहा जागा पाहिल्या. पुण्याजवळची एक पसंत केली. काय पाहून? बाग, विठ्ठलाचं देऊळ, भिंतीवरचा जेवणाचा तक्ता. बाथरूममध्ये डोकावलो, पण ते स्वच्छ आहे ना, एवढ्यापुरतंच. भिंतीला दांडाही होता. तो टॉवेल वाळत घालायचा होता.

चार महिन्यांनी, रात्री अडीचला बाबा बाथरूममध्ये गेले. तोल गेला म्हणून त्यांनी तो दांडा धरला आणि तो स्क्रूसकट हातात आला. घंटा नव्हती. दाराला आतून कडी. साडेपाचला चहा घेऊन आलेल्या मामांनी हाक मारली तेव्हा कळलं. तीन तास माणूस ओल्या फरशीवर पडून होता, खुब्याचं हाड मोडलेलं. मला फोन आला तेव्हा इथेही पहाटेचे साडेपाच झाले होते, म्हणजे तिकडे सात.

मी फोनवर विचारलं, “रात्री किती माणसं असतात तुमच्याकडे?”

“एक बाई असतात ना खाली!”

वरच्या-खालच्या मजल्यावर मिळून अडतीस म्हातारी माणसं. हा प्रश्न मी चार महिने आधी विचारायला हवा होता.

मग मी कायदा वाचायला घेतला. २००७ सालचा आईवडिलांच्या पालनपोषणाचा केंद्रीय कायदा आपल्याला ऐकून माहीत असतो. त्यात निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्यागणिक किमान दीडशे जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण आपण पैसे भरून ज्या खाजगी संस्थांत आईवडिलांना ठेवतो, त्यांच्या नोंदणीची सक्ती त्यात नाही. ती यावी, किमान निकष ठरावेत म्हणून २०१९ साली दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. ते मंजूर होण्याआधीच २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली. त्याच २०१९ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. न घसरणाऱ्या फरश्या, आधाराचे दांडे, सगळं आहे त्यात. पण ती तत्त्वं आहेत, सक्ती नव्हे. “आमचा ट्रस्ट रजिस्टर्ड आहे” असं संस्था अभिमानानं सांगतात. असेल. पण धर्मादाय आयुक्त हिशेब तपासतात, बाथरूमचा दांडा हलवून बघत नाहीत.

इथे दुबईत घरी येणाऱ्या नर्सलाही आरोग्य प्राधिकरणाचा परवाना लागतो. इंग्लंडमध्ये सरकारी निरीक्षक वृद्धनिवास तपासतात, ‘उत्तम’पासून ‘अपुरा’पर्यंत शेरा देतात आणि अहवाल कुणालाही वाचता येतो. आपल्याकडे आपला निरीक्षक कोण? सुट्टीवर गेलेलो आपण.

आणि हा प्रश्न फक्त पडण्याचा नाही. १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या एका वृद्धनिवासाला आग लागली, दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना कोविड झाला; बहुतेकांचं लसीकरण झालेलं होतं. एका छपराखाली इतकी थकलेली शरीरं राहतात तेव्हा साधी गोष्टही साधी राहत नाही.

बाबांचं ऑपरेशन झालं. दुसरी जागा शोधताना मी संध्याकाळी साडेसातला, न कळवता जायचो. एका ठिकाणी फाटकाशीच अडवलं, तिथून परत फिरलो. दुसरीकडे एक आजोबा चादरीनं पलंगाला बांधलेले दिसले. “पडू नयेत म्हणून,” असं उत्तर मिळालं. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र औषधांची वही स्वतःहून पुढे केली. कुणाला कुठली गोळी किती वाजता दिली, खाली देणाऱ्याची सही. अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवतात, त्याचीही नोंद. रात्री दोघं जागे, एक वर, एक खाली. बाथरूमचं दार बाहेरून उघडता येतं, आणि दांड्याला मी माझे ब्याऐंशी किलो टांगून बघितले. बाई हसल्या, पण थांबवलं नाही. देऊळ नाही तिथे. बागही यथातथाच. पैसे महिन्याला जास्त लागतात, हेही सांगतो.

बाबा आता तिथे आहेत, वॉकर घेऊन चालतात. जेवणाबद्दल रोज तक्रार करतात.

समितीच्या परवानगीनं दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जुलैत कोण कुठल्या गावी जाणार ते तिथे लिहा. तुमचे आईवडील घरीच असले तरी जवळच्या एका वृद्धाश्रमात संध्याकाळी तासभर जा, तिथे कुणाचे तरी आईवडील आहेत. जे दिसेल ते लिहून आणा : रात्री किती माणसं, घंटा वाजवल्यावर कोण किती वेळात येतं, जिन्याखेरीज बाहेर पडायची वाट कुठली. पहिल्या पानावर मी दोन्ही जागांबद्दल लिहिलंय. पेन दोरीनं बांधलेलं आहे, कृपया घेऊन जाऊ नका.