कोठाराच्या गावी आपले स्वागत

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, महाराष्ट्रातून, बंगळूरहून, चेन्नईहून आलेले चित्रकार, शिल्पी, छायाचित्रकार, आणि इथल्याच मातीतले स्थपती, चितारी, विणकर बंधुभगिनींनो,

आधी एका गोष्टीची खातरजमा करून घेतो. आपण सगळे बरोबर त्याच पापनाशमला पोचला आहात. हसू नका. निमंत्रणे रवाना झाल्यापासून स्वागत समितीची झोप याच काळजीने उडाली होती. तिरुनेलवेली जिल्ह्यात ताम्रपर्णीच्या काठी दुसरे पापनाशम आहे. केरळात वर्कलाला त्याच नावाचा समुद्रकिनारा आहे. त्यात २०१५ साली कमल हासन यांचा ‘पापनाशम’ आला, म्हणजे आपल्या ‘दृश्यम्’चाच तमिळ अवतार, आणि तोही त्या तिरुनेलवेलीकडच्या गावाचा. आमच्याकडे डोंगर नाही, समुद्र नाही, सिनेमाही आमचा नाही. म्हणून पत्रिकेवर ‘तंजावूर जिल्हा’ ही अक्षरे गावाच्या नावापेक्षा मोठी छापून घेतली. कार्यवाहांना ते बेढब वाटले. पण सकाळपर्यंत तिरुनेलवेलीहून एकाही पाहुण्याचा फोन आलेला नाही, तेव्हा बेढबपणाचे सार्थक झाले.

मी भाताचा व्यापारी. चित्रातले मला फारसे कळत नाही, आणि हे समितीलाही माहीत होते. स्वागताध्यक्षाला कळण्यापेक्षा पुरवता येणे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा कलेविषयी अध्यक्षमहाराज बोलतील. मी गावाविषयी बोलतो.

तंजावूर आणि कुंभकोणम यांच्या मध्ये, कुडमुरुट्टी आणि तिरुमलैराजन या नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. गाडीतून येताना आपण पाहिलेच असेल, सांबा हंगामाची कापणी चालू आहे आणि अर्धा रस्ता वाळत घातलेल्या भाताने अडवलेला आहे. कायद्याने तसे करू नये, पण करतात. आपल्या बसला उशीर झाला तो त्यामुळे. चालकाला दोष देऊ नये.

गावाचे नाव बाहेर पोचवले ते पापनाशम शिवन यांनी. जन्म १८९० चा, पोळगमचा. पण नावापुढे गाव लागले ते आमचे, आणि १९७३ मध्ये ते गेले तेव्हा ते नाव कर्नाटक संगीतात घरोघरी झालेले होते. गायक-वाग्गेयकारांचा इथे काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध नाही, हे मान्य. पण पापनाशमात कोणतीही सभा शिवन यांचे नाव न घेता सुरू होत नाही, आणि ती रीत मी मोडणार नाही.

आता आपल्या विषयाजवळ येतो. रामलिंगस्वामींच्या देवळात १०८ शिवलिंगे आहेत. स्थळपुराण सांगते, की लंकेहून परतताना रामाला खर-दूषणांच्या हत्येचा दोष जाणवला, त्याने हनुमंताला लिंग आणायला काशीला धाडले, आणि हनुमंत येईपर्यंत सीतामाईने नदीच्या वाळूची लिंगे केली. म्हणजे पापनाशमच्या पहिल्या ज्ञात शिल्पकार सीतामाई, माध्यम वाळू. अभ्यासकांना हे पटणार नाही. पण पुरुषांनी काशीला धाव घ्यावी आणि बाईने पायाखालच्या वाळूत काम उरकावे, हे मला फार खरे वाटते.

यापुढे जे सांगणार आहे त्यासाठी मला थोडा जास्त वेळ द्या. तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथाच्या देवळापाशी विटांचे एक कोठार आहे. देऊळ जुने, शैव संत अप्परांनी गायलेले. त्याच्या दर्शनाला लोक येतात आणि कोठाराकडे पाठ करून जातात. वर्षानुवर्षे हे मी पाहत आलो आहे आणि दर वेळी मला राग येतो. तंजावूरच्या नायक राजांच्या काळातले, रघुनाथ नायकाच्या राजवटीतले, म्हणजे १६०० ते १६३४ मधले ते समजतात. गोल, वर घुमटासारखे निमुळते, ३६ फूट उंच. तीन हजार कलम भात मावेल एवढे; कलम हे इकडचे धान्याचे जुने माप. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित केले आहे, म्हणून ते अजून उभे आहे. त्यावर नक्षी नाही, मूर्ती नाही, एक यक्षिणीसुद्धा नाही. नुसती वीट आणि नुसता गोलवा. पुण्याच्या एका शिल्पकार पाहुण्यांना काल संध्याकाळी तिथे घेऊन गेलो. ते गप्प उभे राहिले, मग भोवती एक फेरी मारली, आणि मला म्हणाले, याला कोपरा नाही म्हणून उंदराला जागा नाही. मी व्यापारात आयुष्य घालवले, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती! कलावंतांना बोलावण्याचा खर्च माझ्यापुरता तिथेच वसूल झाला.

आता कोठाराचा कलेशी संबंध. राजराज चोळाने बृहदीश्वराचे देऊळ १०१० साली पुरे केले आणि भिंतींवर हिशोब कोरून ठेवला. त्यात ४०० नर्तकी नेमल्याची नोंद आहे, प्रत्येकीला वर्षाला १०० कलम भात. त्यांच्याबरोबर वादक आहेत, सुतार आहेत, सोनारांवरचा मुकादम आहे, तांबट आहे, रत्ने जडवणारा आहे. सगळ्यांचे मोल भातात ठरलेले. व्यापारी माणूस, आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. मापे सहाशे वर्षांत बदलतात हे मला ठाऊक आहे, तरी ढोबळमानाने धरा: आमच्या एका कोठारात तीस नर्तकींचे वर्ष मावते. एखादा चितारी, एखादा मूर्तिकार किती दिवस मावेल, ते आपणच काढा. या प्रदेशातला कलावंत कुठून आला हे सगळे विचारतात. तो इथे राहिला कशावर, हे कोणी विचारत नाही. तो या भातावर राहिला, एवढेच मला सांगायचे आहे.

कारण आले ते सगळे बाहेरूनच. आमचे पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग आले. तंजावरी चित्रे काढणारी राजू मंडळी मूळची तेलुगू. फणसाच्या फळीवर कापड चिकटवायचे, खडूची पूड आणि डिंक यांचा लगदा भरून दागिना उचलून आणायचा, वर सोन्याचा वर्ख आणि जयपुरी खडे. देव कृष्ण असो की राम, गाल मात्र गुटगुटीत, आणि गिऱ्हाईक कित्येकदा मराठी राजवाड्यातले. कुंभकोणम-तिरुभुवनमचे रेशीम विणणारे सौराष्ट्री. त्यांची बोली ऐकली की आपल्या कानाला अर्धी समजते आणि उरलेली अर्धी फसवते. कोल्लिडम नदीपलीकडच्या कोडालिकरुप्पूरला कापडावर मेण आणि रंगाने काम करून, त्यात जर विणून जी लुगडी होत, ती थेट मराठी राजघराण्यांतल्या लग्नांत नेसली जात. आमच्याच तालुक्यातल्या मेलट्टूरला भागवतमेळ्यात नरसिंहाचा मुखवटा आहे. तो नटाचा मुखवटा, पण वर्षभर देवळात पूजला जातो आणि वैशाखात नरसिंह जयंतीच्या खेळाला बाहेर निघतो. तो ज्याने कोरला, त्याला आपण चित्रकार म्हणायचे, शिल्पकार, की नेपथ्यकार? परिसंवादात यावर वाद व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

दुसरे शरफोजी राजे (१७९८ ते १८३२) यांच्याविषयी पाहुण्यांना मी काय सांगणार! त्यांचे सरस्वती महाल ग्रंथालय उद्या आपण पाहणारच आहात. तिथे ग्रंथ पुष्कळ दाखवतील. आपण मात्र हट्टाने डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी विचारा. राजांना नेत्रचिकित्सेचा नाद होता, आणि रोग्याच्या टिपणाबरोबर त्याच्या डोळ्याचे चित्र काढवून घेतलेले आहे. देवांचे टपोरे डोळे रंगवणाऱ्या परंपरेतल्या हाताने फूल पडलेला, लाल झालेला माणसाचा डोळा जसाच्या तसा उतरवला. त्या चिताऱ्यांची नावे राजांइतकी कोणी लक्षात ठेवली नाहीत.

नावावरून आठवले. सज्जनगडावरच्या राममूर्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. त्या तंजावुरात घडल्या. रामदासी परंपरा सांगते, की व्यंकोजीराजांकडच्या अरणीकर नावाच्या अंध कारागिराने त्या केल्या. त्या गडावर पोचल्या आणि त्यांच्यासमोरच समर्थांनी माघ वद्य नवमीला, शके १६०३, म्हणजे १६८२ साली देह ठेवला. दासनवमी आपण सगळे पाळतो. अरणीकराची तिथी कोणाला ठाऊक आहे? त्याचे चित्र नाही, समाधी नाही, गल्लीला नाव नाही.

अंध माणूस मूर्ती कशी करील, अशी शंका मलाही होती. इथून दहाएक किलोमीटरवर स्वामिमलै आहे. दारासुरमचे देऊळ झाल्यावर स्थपती तिथे स्थिरावले, असे सांगतात. तिथल्या एका कारखान्यात जाऊन बसलो. स्थपतींनी नारळाच्या झावळीची एक पट्टी घेतली, मूर्तीच्या उंचीएवढी कापली, आणि घड्या घालायला सुरुवात केली. घडीवर घडी. चेहरा एवढा, मानेपासून छाती एवढी, गुडघा एवढा. फूटपट्टी नाही, कागद नाही. माप बोटांच्या चिमटीत. मग मेण, राळ आणि तेल एकत्र कढवलेला गोळा. तो ऊन असेपर्यंत अंगठ्याने दाबत नाक, ओठ, कमरेचा बाक. त्यावर कावेरीच्या गाळाची मऊ माती, मग जाड माती. भट्टीत मेण वाहून जाते आणि त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून मूर्ती एकच. आणि डोळे? ते अगदी शेवटी, छिन्नीने उघडतात. तोवरचे बहुतेक काम हाताच्या स्पर्शाचे. तिथून उठलो तेव्हा अरणीकराबद्दल माझी शंका बरीच कमी झाली होती.

अरणीकर पापनाशमचाच होता, असा ठराव संमेलनाने करावा, अशी सूचना समितीत आली होती. पुरावा विचारला तर सूचकांनी कोठाराकडे बोट दाखवले. स्वागताध्यक्ष या नात्याने मला ती सूचना फेटाळावी लागली. मनातून मात्र ती अजून गेलेली नाही.

जवळच्या काळातले एकच नाव घेतो. गोपुलु, तंजावुरात १९२४ साली जन्मले, कुंभकोणमच्या कलाशाळेत शिकले, आणि ‘आनंद विकटन’मध्ये त्यांनी काढलेल्या माणसांवर तमिळ वाचकांच्या पिढ्या हसल्या. आपल्याकडे वसंत सरवट्यांची रेघ पाहताच ओळखतात, तशीच इकडे त्यांची. ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ ही कादंबरी तिथे क्रमशः येत असताना नादस्वरवाला आणि नर्तकी वाचकांनी आधी पाहिली ती गोपुलुंच्या चित्रांत, पडद्यावर नंतर. २०१५ मध्ये ते गेले. सोन्याचा वर्ख नाही, खडा नाही. काळी शाई आणि बायकोला घाबरणारा नवरा. त्यांनाही या संमेलनात जागा आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण प्रदर्शन समितीत त्यावर खडाजंगी झाली.

आता क्षमायाचना. यादी मोठी आहे, पण टाळता येत नाही.

गावात राहण्याची सोय तोकडी, म्हणून निम्म्या पाहुण्यांना कुंभकोणमला ठेवावे लागले. ज्यांना तिथे ठेवले त्यांना वाटते पापनाशमला बरे होते, आणि इथल्यांना वाटते कुंभकोणमला. मंडपाच्या भिंती लग्नसराईसाठी नुकत्याच रंगवलेल्या. खिळा ठोकायचा नाही, अशी अट होती. म्हणून चित्रे बांबूच्या ताटव्यांवर काथ्याने टांगली आहेत. काही किंचित तिरकी आहेत. चित्रकारांनी स्वतः सरळ करू नयेत, शेजारचे तिरके होते. मांडव घालणारे गडी ऐन वेळी कापणीला गेले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांतले काही माझ्याच भाताच्या कापणीला होते. पहाटे दव पडते, म्हणून वर्खाची चित्रे रात्री झाकून ठेवली जातील. न्हाणीघरात गरम पाणी सहा ते आठ. आमची मराठी आपल्याला जरा जुनाट, जरा तमिळ वळणाची वाटेल. तेवढी पोटात घाला. जेवणात सांबार आहे. ते संभाजी महाराजांच्या नावावरून आले, ही गोष्ट सांगायची नाही, असे वाढप्यांना बजावले आहे. कागदाचा आधार नसलेली गोष्ट निदान आमच्या पंगतीत नको.

आणि आभार. कल्याण मंडपमच्या मालकांनी भाडे घेतले नाही, फक्त वीजबिल मागितले, आणि तेही हळू आवाजात. तिरुवैयारुच्या रस्त्यावरच्या शेतकऱ्यांनी केळीची पाने दिली. भांडी कुंभकोणमच्या एका पितळेच्या व्यापाऱ्यांची. मोजून दिली आहेत, मोजून परत जातील, स्वयंसेवकांनी लक्ष ठेवावे. तांदूळ गिरणीवाल्या मित्रांचा, पोन्नी, जुना. कोणाला भात फडफडीत वाटला नाही तर तो दोष आचाऱ्याचा नाही, माझा. टेम्पोवाल्यांनी डिझेलपुरते पैसे घेतले. ज्या देणगीदारांनी नाव घेऊ नये म्हटले त्यांचे घेत नाही. ज्यांनी नाव घ्या म्हटले त्यांची नावे प्रवेशद्वाराच्या फलकावर आहेत. एक निसटले आहे. ते माझे व्याही, त्यामुळे दंड मला घरी बसेल, समितीला नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या आमच्या आक्का, वहिनी आणि मावश्यांनी काल रात्री उशिरापर्यंत बसून उंबऱ्यापासून व्यासपीठापर्यंत कोलम घातले. त्यांची नावे पत्रिकेत कलावंतांच्या यादीत घालावीत, असे मी सुचवले होते. पत्रिका तोवर छापून झाली होती. म्हणून इथे जाहीर सांगतो: पाय जपून टाका.

कोठार पाहायला दुपारी चार वाजता गाडी निघेल. जागा थोड्या आहेत, शिल्पकारांना आधी.

आता मी अध्यक्षमहोदयांना दीप प्रज्वलित करण्याची विनंती करतो. समई नाच्चियारकोइलची आहे, वरचा हंस पेचाचा आहे, त्याला धरून उचलू नये. वाती विझतात म्हणून दोन मिनिटे पंखे बंद राहतील. थोडे उकडेल. क्षमस्व.