पवनचक्की आणि वनराई



उंच जागा आणि भरपूर वारा असला की पवनचक्की चालते, असा समज अनेक गावांत आढळतो. परंतु भोवतालची झाडी किती उंच आहे व ती कोणत्या दिशेला आहे, यावरही विजेचे उत्पादन अवलंबून असते.

वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग सेकंदाला ७ मीटरवरून ६.३ मीटरवर आला, म्हणजे अवघा १० टक्क्यांनी घटला, तरी ऊर्जा सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते.

दाट वनावरून वाहणारा वारा झाडांच्या शेंड्यांशी अडखळतो. वाऱ्याच्या दृष्टीने जमीनच जणू झाडांच्या उंचीच्या दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश वर उचलली जाते. २० मीटर उंचीच्या झाडीत ८० मीटरचा मनोरा सुमारे ६५ मीटरचाच ठरतो. शिवाय वाऱ्यात भोवरे निर्माण होऊन पाती व गिअरबॉक्स यांची झीज वाढते.

महाराष्ट्रात या विजेचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर असा नैऋत्य मोसमी वाऱ्याचा असतो. त्यामुळे पश्चिम व नैऋत्य दिशेची झाडी विशेष पाहावी लागते. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर मातीचा थर पातळ असून गवतच अधिक; म्हणून तेथे वाऱ्याला अडथळा कमी.

मग झाडे तोडावीत काय? तसे मुळीच नाही. सह्याद्रीतील वन माती धरून ठेवते, झरे जिवंत राखते. वनजमिनीचा वनेतर वापर करावयाचा तर १९८० च्या वनसंरक्षण कायद्यान्वये केंद्र शासनाची पूर्वमान्यता लागते, आणि वनरक्षणाचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेलाही दिला आहे. जर्मनी व स्वीडन या देशांत वनप्रदेशात अधिक उंच मनोरे उभारून हा प्रश्न बराचसा सोडविला जातो.

म्हणून प्रस्ताव आल्यास ग्रामसभेने तीन गोष्टी विचाराव्यात. वाऱ्याचे मोजमाप किमान वर्षभर झाले आहे काय? वाऱ्याच्या दिशेकडील झाडीपासून तिच्या उंचीच्या सुमारे वीसपट, म्हणजे २० मीटरच्या झाडांपासून ४०० मीटर, अंतर राखले आहे काय? रस्ते व वाहिन्यांसाठी किती झाडे जाणार?

वृक्षारोपणातही हा विवेक हवा. उघड्या सड्यावर खड्डे खणण्यापेक्षा ओढ्याकाठी व उतारावर रोपे लावल्यास ती जगतील, आणि सड्यावरचा वाराही मोकळा राहील. जागेची निवड आरंभीच नीट झाली, तर गावाला वीज व वन यांपैकी एकावर पाणी सोडावे लागणार नाही.