उपग्रहाला डास दिसतो का?

श्रोतेहो, उपग्रहाला डास दिसत नाही. मग त्याच्यावरून रोगाचे भाकीत कसे करतात? केनियातली हकीकत सांगतो.

तिथल्या सखल कुरणांत एडिस जातीचे डास ओलसर मातीत अंडी घालतात. ती वर्षानुवर्षे कोरडी पडून राहतात. पाणी तुंबले की फुटतात. त्यांतल्या काही डासांत रिफ्ट व्हॅली तापाचा विषाणू उपजतच असतो. मग गुरे-मेंढ्या गाभ टाकतात, पाठोपाठ माणसे आजारी पडतात.

उपग्रह मोजतो ते समुद्राचे तापमान, ढग आणि हिरवळ. २००६ च्या सप्टेंबरात हिंदी व प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापलेले दिसले. शास्त्रज्ञांनी ताडले, पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी होणार, मागोमाग हा ताप येणार. इशारा दिला गेला. डिसेंबरात साथ आलीच. जनावरांना लस मात्र जानेवारी २००७ मध्ये टोचू लागले. केनियात दीडशेवर माणसे दगावली.

मंडळी, सूचना आकाशातून मिळेल. पण हात जमिनीवरच हलले पाहिजेत. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा डासही एडिसच. त्याची अंडी रांजणाच्या कोरड्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात. तेव्हा आठवड्यातून एकदा रांजण रिकामा करून आतून घासा. आणि गुरुजी, सुरुवात शाळेतल्या पिंपापासून करा. ते काम कोणताही उपग्रह करणार नाही.