यंत्राची साक्ष आणि आपली वही

(पर्वत पाटिया, सुरत येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण ज्या सुरत शहरी जमलो आहोत, त्यावर १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची स्वारी झाली. माझ्या नातवाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका यंत्रास तिच्याविषयी प्रथम इंग्रजीत व मागाहून मराठीत विचारले. इंग्रजी उत्तरात लूट, भयभीत व्यापारी आणि आपली वखार राखणारे इंग्रज पुढे आले; मराठी उत्तरात शाएस्तेखानाने केलेली पुणे प्रांताची नासाडी व तिची भरपाई. "आजोबा, खरे कोणते?" असे त्याने मला विचारले.

हे यंत्र स्वतः काही पाहत नाही. अगणित पानांचा मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द यावा, एवढाच अंदाज ते बांधते. पुढे निर्माते त्याच्या उत्तरांना वळण लावतात. त्यामुळे भाषेचा आणि निर्मात्याचा, दोघांचाही कल त्यात उतरतो. बेल्जममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली अशा अनेक यंत्रांना हजारो राजकीय व्यक्तींविषयी इंग्रजीत व चिनी भाषेत विचारले, तेव्हा असाच भेद आढळला.

वखारवाल्यांनी पत्रे लिहिली आणि जपली, म्हणून त्यांची बाजू यंत्रापर्यंत पोहोचली. आपल्या देवस्थानांचेही तसेच. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले. त्या काळाविषयी पोर्तुगीज दप्तर बोलते; घराघरांत सांगितलेल्या हकीकती मात्र बहुतांशी सांगणाऱ्यांबरोबरच गेल्या.

परंतु दोष केवळ परक्यांचा नव्हे. महाजनांच्या वहीत परंपरेने पुरुषांचीच नावे. ज्या कलावंत स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे गायनसेवा केली, त्यांच्याविषयी आपण किती ओळी लिहून ठेवल्या? उद्या यंत्र आपल्याच वहीवर शिकले, तर तेही पक्षपातीच निपजेल.

नातवास मी सांगितले, "बाळ, दोन्ही उत्तरे वाच. स्वराज्याची गरज खरी आणि सुरतेच्या व्यापाऱ्याचे नुकसानही खरे. प्रत्येक वेळी विचार, हे कोणी लिहिले आणि कोणाचे लिहायचे राहिले?"

आपणांस माझी एकच विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांस ठाऊक असलेले सारे, आपणांस न शोभणारेही, नावासालासह मराठीत वा कोंकणीत लिहून ठेवावे. जे आपण लिहिणार नाही, ते यंत्र दुसऱ्याच्या तोंडून सांगेल.

इतके बोलून, श्रींच्या चरणी मस्तक ठेवून, मी आपली रजा घेतो.