सोन्याचे निवृत्तिखाते आणि सरसकट शुल्काचा न्याय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



अमेरिकेत १९७४ साली निवृत्तिवेतनविषयक कायदा झाला. ज्यांना मालकाच्या निवृत्तिवेतन योजनेचा आधार नव्हता, त्यांना स्वतःचे करसवलतीचे निवृत्तिखाते उघडण्याची मुभा त्याने दिली. पुढे १९९७ च्या करकायद्याने या खात्यात ठरावीक शुद्धतेचे सोने, चांदी, प्लॅटिनम व पॅलॅडियम ठेवण्याची वाट मोकळी केली.

म्हातारपणी सोन्याचा आधार ही कल्पना मराठी माणसालाही परकी नाही. परंतु हे सोने घरच्या कपाटात ठेवता येत नाही. ते बँकेच्या किंवा सरकारमान्य विश्वस्ताच्या ताब्यात असावे लागते. खात्यातील नाणी घरी ठेवणाऱ्या एका दांपत्याविरुद्ध २०२१ साली तेथील करन्यायालयाने निकाल दिला आणि त्या नाण्यांचे मूल्य करपात्र ठरविले. त्यामुळे विक्रेता, विश्वस्त आणि तिजोरीचालक असे तीन मध्यस्थ या व्यवहारात येतात व प्रत्येकाचा मोबदला खातेदारालाच द्यावा लागतो.

या मोबदल्यांची तुलना कशी करावी? उदाहरणादाखल एक संस्था वर्षाला सरसकट २५० डॉलर घेते आणि दुसरी धातूच्या मूल्याच्या शेकडा एक घेते, असे समजू. १०,००० डॉलरच्या खात्यावर पहिलीचा भार अडीच टक्के पडतो. १ लाख डॉलरच्या खात्यावर तोच भार पाव टक्का होतो. सर्वांना समान दिसणारे शुल्क अल्पबचत करणाऱ्याला दहापट जड जाते. वीस वर्षांत लहान खातेदार ५,००० डॉलर, म्हणजे मूळ गुंतवणुकीच्या निम्मी रक्कम, शुल्कापायी देतो. सोन्यावर व्याज नाही, लाभांश नाही. म्हणून हे पैसे खात्यातील शिलकेतून, पदरमोड करून किंवा सोने मोडूनच भरावे लागतात.

याहून मोठा भार शुल्कपत्रकात दिसतच नाही. विक्रेत्याने बाजारभावावर शेकडा दहा चढवून सोने विकले आणि शेकडा दोन कमी देऊन परत घेतले, तर भाव तिळमात्र न हलताही १०,००० डॉलरचे सुमारे ८,९०० होतात. हा तोटा २५० डॉलरच्या चार वर्षांच्या शुल्काहून अधिक आहे. ‘पहिल्या वर्षी शुल्क माफ’ या घोषणेचे मोल यावरून ताडावे. २०२० साली वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या तेथील केंद्रीय आयोगाने आणि ३० राज्यांनी मौल्यवान धातूंच्या एका विक्रेत्यावर दावा लावला. बहुतांशी वृद्धांना अवाच्या सवा किमतीने धातू विकून साडेअठरा कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केल्याचा तो आरोप होता.

तेव्हा खातेदाराने तीन आकडे लेखी मागावेत : वर्षाचा एकूण खर्च डॉलरमध्ये किती, त्या दिवसाच्या बाजारभावावर किती वाढ, आणि परत घेताना किती घट.

तथापि हिशेबी दक्षतेने मूळ प्रश्न सुटत नाही. सामूहिक निवृत्तिवेतनात जोखीम आणि व्यवस्थापनखर्च अनेकांत विभागला जातो. वैयक्तिक खात्यात दोन्ही एकट्याच्या माथी येतात. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना लागू झाली, आणि मार्च २०२३ मध्ये त्याच प्रश्नावर संप झाला. धातू नसला तरी प्रश्न तोच आहे. वार्धक्याची तरतूद जेथे एकट्याची होते, तेथे शुल्काचा प्रत्येक टक्का अखेर वेतनातूनच कापला जातो.