दाताचा रंग जुळतो कसा?

समोरच्या दाताला कॅप बसवायची म्हटली की पहिली काळजी रंगाची. दात पांढरा असतो, असं आपण सहज म्हणतो; पण आरशात नीट पाहा. हिरडीजवळ तो पिवळसर दिसतो, कारण तिथं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, पातळ असतं आणि आतल्या थराचा, डेंटिनचा, रंग वर येतो. कडेला तो थोडा पारदर्शक होतो. सुळा तर शेजारच्या दातांहून गडदच.

म्हणून दंतवैद्य नमुन्याच्या दातांची पट्टी वापरतात. जर्मनीच्या विटा कंपनीची पट्टी जगभर चालते. तिच्यात 16 छटा, ए, बी, सी, डी अशा चार गटांत: तांबूस तपकिरी, तांबूस पिवळ्या, करड्या आणि तांबूस करड्या. आधी दाताचा उजळपणा जुळवायचा, रंग नंतर. कारण उजळपणातला फरक समोरच्याला चटकन जाणवतो.

वेळही महत्त्वाची. ही तपासणी दात कोरण्याआधीच करतात. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतो आणि जास्त पांढरा दिसतो. त्यावरून छटा ठरवली तर नंतर फसगत ठरलेली! नमुन्याकडे चार-पाच सेकंदच बघायचं, मग राखाडी कागदावर नजर विसावू द्यायची. साडी दुकानातल्या दिव्याखाली एक आणि उन्हात वेगळीच दिसते ना? दातांचंही तसंच. म्हणून दिवसाच्या उजेडातही पाहतात.

तुम्ही जाल तेव्हा लिपस्टिक लावू नका. आणि कॅप पक्की चिकटवण्याआधी आरसा मागून, खिडकीपाशी जाऊन जरूर बघा.