वरच्या शिवाराचे देणे



अंबडकरांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. आपल्या गावात जुनी बारव आहे, आणि पैठणच्या जलाशयातून जालन्याला जाणारे पाणी आपल्याच गावावरून जाते. नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे आपण रोज विचारतो. ते जलाशयात कोणाच्या शेतावरून उतरते, हे मात्र सहसा विचारीत नाही.

जालन्याचे घाणेवाडीचे तळे घ्या. निजामी अमलात बांधलेल्या या तळ्याचे पाणी उताराने शहरात येते. पण पाण्याबरोबर वरच्या शिवारातली मातीही येते. शेतकऱ्याचे शेत झिजते आणि शहराचे तळे उथळ होते. नुकसान एकच, ते दोन ठिकाणी भोगावे लागते एवढेच. 2012-13च्या दुष्काळाने जालनेकरांना हा हिशेब चांगलाच शिकविला.

सरकार या कामी हात आखडता घेते, असे आम्ही म्हणणार नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत 2023 सालापासून अल्प व अत्यल्पभूधारकांना गाळ शेतात पसरण्यासाठी एकरी 15,000 रुपयांपर्यंत, व अडीच एकरांच्या मर्यादेत 37,500 रुपयांपर्यंत अनुदान ठरले. योजना चांगली आहे. पण वाहून आलेली माती परत नेण्याचा हा खर्च झाला. ती मुळात वाहू नये म्हणून जो बांध घालतो, त्याचे काय?

शंभर मीटर लांब व दीड मीटर रुंद असा एक बांध सुमारे दीड गुंठा जमीन खातो. पन्नास एकरांच्या धन्याला त्याचे काही वाटणार नाही. दोन एकरवाल्याला तो दीड गुंठा दरवर्षी पिकावाचून सोडावा लागतो. अनुदान बांध घालताना एकदा मिळते. पुढे पावसाने बांध फुटला तर माती कोणी टाकायची? म्हणून चारपाच वर्षांत नांगर बांधाला घासू लागतो. यात शेतकऱ्याचा लोभ शोधू नये. त्याची अडचण पाहावी.

याच जिल्ह्यातील कडवंचीचे उदाहरण आपणांस ठाऊक आहे. 1996 साली इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साह्याने, तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे झाली. गावाने श्रमदान केले, म्हणून ती कामे गावाची झाली. आज तेथे द्राक्षबागा उभ्या आहेत.

मात्र 'अनुदान' म्हटले की ते पाणी राखतेच, असे नाही. पावसाचे वाहते पाणी अडवून जमिनीत मुरविणारे तळे निराळे, आणि विहिरीतून उपसलेले पाणी प्लास्टिकवर उन्हात साठविणारे शेततळे निराळे. एकाने भूजल वाढते, दुसऱ्याने शेजाऱ्याची विहीर आटते. सरकारी तिजोरीतून मात्र दोघांनाही पैसा मिळत आला आहे. बागाईतदाराची गरज आम्ही नाकारीत नाही. तिला जलसंधारण म्हणू नये, इतकेच आमचे म्हणणे.

दूरच्या न्यूयॉर्क शहराने 1997 साली कॅट्स्किल डोंगरांतील गावांशी करार केला. गाळणयंत्रांवर अब्जावधी डॉलर घालण्यापेक्षा वरच्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांची व ओढ्याकाठांची निगा राखण्यास पैसा देणे त्याला स्वस्त वाटले. तेथे हे दान नव्हते, पाण्याच्या खर्चातलाच तो एक भाग होता.

आपल्याकडे पालिकांजवळ तेवढा पैसा नाही, हे खरे. पण पाणीपट्टीतला एक लहानसा भाग वरच्या शिवारातील बांधांच्या डागडुजीसाठी दरवर्षी बाजूला काढणे कोणत्याही शहराला अशक्य नाही. उन्हाळ्यात बांध तपासावेत, शाबूत असेल त्याच्या मालकाला ठरलेली रक्कम द्यावी, आणि ती यादी चावडीवर लावावी. असा पैसा एकदा पाच हजार देण्यापेक्षा दरवर्षी पाचशे द्यावा, कारण माती दरवर्षी वाहते.

टँकरच्या एका फेरीला पैसे मोजताना आपण कुरकुरत नाही. वरचा शेतकरी बांध राखतो तेव्हा त्यालाही तसेच मोजावे, एवढीच आमची आपणांस व पालिकेस विनंती आहे.